छातीचं दुखणं मी घेतो

१२ जानेवारी, संध्याकाळ

घोलवड. वाडीतलं घर, ओटीवर लॅपटॉप, चहा. मुंबईत विचार करता येत नाही, म्हणून चार दिवस रजा टाकून गावी आलो. ही रोजनिशी कोणाला दाखवायची नाही. उद्या इतिहासात वैमानिकांच्या लढ्याचा विषय निघाला, तर निदान माझ्या आठवणीत घोळ नको, एवढ्यासाठीच.

मुद्दा साधा आहे. समोरच्या एअरलाइनचा कॅप्टन तेच विमान उडवतो, त्याच रनवेवर उतरतो, तेच थंडगार सँडविच खातो. पगार मात्र माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. हा पैशाचा प्रश्न नाही, मानाचा आहे. मयुरा म्हणाली, मग मान तू ठेव, फरक माझ्या खात्यात टाक. बायकोला तत्त्व समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

तुलनेचा तक्ता पूर्ण केला. आम्ही, समोरचे, आखातातले. आखाताचा रकाना हिरवा केलाय. आमच्या वैमानिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाद पेटला आहे. अर्धे म्हणतात, तुलना आखाताशी करा. माझ्याबरोबरचा कॅप्टन नितीन म्हणतो, आपल्याच देशातल्यांशी करा, नाहीतर कंपनी म्हणेल जा मग आखातात. रुचिका माझी फर्स्ट ऑफिसर, हुशार पोरगी, पण फार प्रश्न. तिने विचारलं, सर, को-पायलटचा रकाना कुठे आहे? म्हटलं, तळटीप टाकली आहे. ती म्हणाली, ट्रेनिंगचं कर्ज आम्ही तळटीपेत फेडत नाही. तरुण रक्त.

दुपारी विमान गेलं. दिल्लीहून मुंबईला उतरणारी विमानं आमच्या वाडीवरून जातात. आवाज आला की आई हातातलं काम टाकून अंगणात येते आणि पदर किंवा टॉवेल, जे सापडेल ते हलवते. मी कामाला लागलो तेव्हापासूनची सवय. आजही धावली. म्हटलं, अगं आई, मी इथे बसलोय तुझ्यासमोर. ती म्हणाली, हो ना, दिसतोस की. आणि हलवत राहिली.

बॅग माडीवर नेताना दम लागला. चिकूच्या वाडीत हवा जड असते.

संकल्प: रोज समुद्रापर्यंत चालणे.

१३ जानेवारी, रात्री

ठरलं. शनिवारी सगळे एकदम आजारी पडणार. संप म्हटलं की कायदा आडवा येतो, आजाराला कायदा नाही. मात्र सगळ्यांना एकच ताप आला तर कंपनीला संशय येईल. म्हणून आजार वाटून द्यायचे, आणि ते काम माझ्याकडे आलं. अशा वेळी अनुभवी माणूसच लागतो.

व्हायरल ताप संपायला वेळ लागला नाही. पाठदुखी तर हातोहात गेली. जुलाब घ्यायला कोणी तयार होईना, शेवटी नितीनच्या माथी मारले. मूळव्याध तशीच पडून आहे.

मी स्वतः छातीत दुखणं घेतलं. सीनियर कॅप्टनला जुलाब शोभत नाहीत. छातीला एक वजन असतं. कुठून सुचलं कोण जाणे, पण सुचलं ते चटकन.

रुचिकाचा लगेच फोन. सर, काहीही लिहा, छाती लिहू नका. पायलटने कागदावर छाती कधीच लिहायची नसते. म्हटलं, बेटा, पुढारी मागे राहिला तर सैन्य कसं लढेल? तिने फोन ठेवला. पटलं असावं.

चालायला गेलो नाही. ग्रुपवर हजर राहणं जरुरीचं होतं.

१४ जानेवारी, संक्रांत

आईच्या हातचे तिळाचे लाडू. चार खाल्ले. उद्यापासून साखर बंद.

बुधीबाई आली होती. वेवजी गावची. आमच्याकडे चिकू उतरवणाऱ्यांची टोळी तीच आणते. लांब काठीला जाळी लावलेली बेडणी घेऊन ही माणसं सकाळपासून फांदीफांदीने फिरतात. तिळगूळ घेतला, गोड बोलली, आणि मग म्हणाली, शेठ, उंबरगावकडच्या वाड्यांत मजुरी जास्त आहे. न्यायला-आणायला टेम्पो आहे. चिकू तोच, झाड तेच, काठी तीच. आम्हालाच का कमी?

मी शांतपणे समजावलं. नुसत्या मजुरीची तुलना करू नये, पूर्ण पॅकेज पाहावं. इथे सावली आहे. दुपारचा चहा आहे. आपुलकी आहे. तिकडचं मार्केट वेगळं, खर्च वेगळे. शिवाय निष्ठा म्हणून काही असतं की नाही?

बुधीबाई म्हणाली, बरं शेठ. आणि लाडू फडक्यात बांधून गेली.

मयुरा आतून हसत होती. विचारलं काय झालं, तर म्हणाली, हेच सगळं तुला कंपनीच्या एचआरने लिहिलं होतं ना गेल्या महिन्यात? सावलीच्या जागी कॅन्टीन होतं फक्त. म्हटलं, दोन्हींची तुलना होऊ शकत नाही. ती पुन्हा हसली.

१५ जानेवारी

डहाणूला गेलो. आशागडच्या रस्त्यावर धनेशचा दवाखाना आहे. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा, गणितं माझी बघून उतरवायचा. म्हटलं, छातीत दुखतं असं सर्टिफिकेट दे. तो म्हणाला, जत्या, खोटं लिहिणार नाही. मी म्हटलं, गणितं आठव. तो म्हणाला, बरं, निदान ईसीजी काढू, म्हणजे कागदाला आधार राहील.

ईसीजी काढला. धनेश तो कागद बराच वेळ बघत बसला. मग विचारलं, तुझे पप्पा कशाने गेले रे? म्हटलं, गॅस झाला होता, वाडीत झाडाखाली पडले ते उठलेच नाहीत. वय काय होतं? म्हटलं, माझ्याहून थोडं जास्त. पुन्हा कागद बघितला. आणि मग एका दमात सर्टिफिकेट लिहून दिलं. आधी एवढे आढेवेढे घेणारा माणूस! मैत्री ती हीच.

वर म्हणाला, उद्याच्या उद्या वापीला जाऊन इको कर. फी घेतली नाही. निघताना खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. नाटकाचं अंग त्याला शाळेपासून आहे.

वापीला काही जात नाही. या डॉक्टरांचं आपापसात काय चालतं ते मला माहीत आहे.

१७ जानेवारी, शनिवार

ऐतिहासिक दिवस. सकाळपासून विमानं रद्द. टीव्हीवर आमचीच बातमी. विमानतळावर लोक बॅगांवर बसले होते. एक म्हातारं जोडपं दाखवलं, मुलाच्या लग्नाला निघालेलं. बाईने मेंदी काढली होती. मी चॅनल बदललं.

वाडीवरून नेहमीच्या वेळेला विमान गेलं नाही. आई दोनदा अंगणात येऊन परत गेली. विचारलं, आज काय झालं रे? म्हटलं, माझ्यामुळे आकाश बंद आहे. ती म्हणाली, असं करू नये बाबा.

डाव्या हाताला मुंग्या. फोन फार वेळ धरला.

१८ जानेवारी

सकाळी वाडीत कोणी नाही. बुधीबाईचा निरोप घेऊन सदू आला. सदू वाडीची राखण करतो. म्हणाला, सगळ्यांना ताप आहे. सगळ्यांना? हो, सगळ्यांना एकदम. झिपरूला पण, धोंडीला पण.

मी भयंकर चिडलो. ही सरळसरळ फसवणूक आहे! चिकू झाडावर पिकून पडतायत, वटवाघळं खातायत, आणि यांना ताप! निदान आजार तरी वेगवेगळे घ्यायचे.

हे वाक्य मी मोठ्याने बोललो. मयुराने माझ्याकडे बघितलं.

२० जानेवारी

कंपनीचा मेल. शनिवारी आजारी पडलेल्या सर्वांनी ताबडतोब रुजू व्हावं, बोलणी सुरू करू. जुलाबवाले, पाठवाले, ताप, सगळे उद्यापासून कामावर. फक्त मला वेगळा मेल. आपल्या प्रकृतीची कंपनीला काळजी वाटते. छातीच्या तक्रारीमुळे नियमानुसार हृदयाची संपूर्ण तपासणी झाल्याशिवाय आपल्याला उड्डाण करता येणार नाही.

म्हणजे एवढ्या सगळ्यांत कंपनीने गंभीरपणे घेतलं ते एकट्या मला. पदाचा मान.

मयुराने परस्पर बुधीबाईला उंबरगावचा दर कबूल केला. टेम्पोही. म्हणाली, वाडी मी बघते, दर मी ठरवणार. मला विचारलं नाही. बुधीबाई येताना फणसाची भाजी घेऊन आली. चांगली होती. तत्त्व म्हणून थोडी खाल्ली.

२४ जानेवारी

मुंबईला तपासणी. माझी योजना: रिपोर्ट अगदीच उत्तम आला तर शनिवारचं खोटं पडेल. अगदीच वाईट आला तर भलतंच. तेव्हा किंचित वाईट यावा. त्यासाठी रात्री जागलो, वर कडक कॉफी. कोणत्याही गोष्टीचा अंदाज बांधून उतरणं हेच तर माझं काम.

ट्रेडमिलवर थोड्याच वेळात थांबवलं. मी म्हटलं, अजून पळू शकतो. तिथली मुलगी म्हणाली, नको सर, बसा. पाणी दिलं. पाण्याचा ग्लास तिनेच धरला होता.

अभिनय जरा जास्त झाला की काय?

३० जानेवारी

रिपोर्ट. हृदयाचा स्नायू सैल पडलाय, पंप हवा तेवढा दाबत नाही. बहुतेक घराण्यातलंच. पप्पांना गॅस नसावा, असं डॉक्टर म्हणाले. तात्पुरतं अनफिट.

महत्त्वाचा शब्द: तात्पुरतं.

कॉफीचा परिणाम. डॉक्टरांना कॉफीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, कॉफीने असं होत नाही. आजकाल डॉक्टर अपडेटेड नसतात.

मयुरा परतीच्या वाटेवर गाडी चालवत होती. तलासरीच्या बाजूने यायचं कारण नव्हतं, तरी वळण चुकून तिकडे गेली, मग कडेला गाडी थांबवली आणि खूप रडली. मी तिला म्हटलं, उगाच काय, बोलण्यांमध्ये हा आपला हुकमी पत्ता आहे. कमी पगार, जास्त ताण, कॅप्टनचं हृदय. तिने माझा हात धरला. डावा. सोडलाच नाही.

संकल्प: मीठ बंद. साखर बंद. ग्रुपवर कमी वेळ. समुद्रापर्यंत रोज.

६ फेब्रुवारी

गोळ्या सुरू. सहा प्रकारच्या. आईला सांगितलं व्हिटॅमिन आहेत. ती म्हणाली, तुझ्या पप्पांना कोणी दिली नाहीत रे अशी व्हिटॅमिनं. तिला काही माहीत नाही, असं मी धरून चाललो आहे.

चालायला निघालो. समुद्र दिसला. गेलो नाही, पण दिसला. परतताना सदूच्या सायकलवर मागे बसलो. वाटेत बुधीबाईच्या टोळीचा टेम्पो गेला, सगळ्यांनी हात केला. कॅप्टन चुरी कॅरियरवर.

१५ फेब्रुवारी

मुंबईत बोलणी जोरात. मी नितीनला कळवलं की समितीवर यायला तयार आहे. तो म्हणाला, जतीन, तू आराम कर. म्हटलं, तक्ता माझा आहे. तो म्हणाला, तक्ता मस्तच आहे, पण आता रुचिका मांडते आहे. तिने को-पायलटचा रकाना पहिला घेतला आहे. कंपनी ऐकते आहे तिचं.

तळटीप वर आली म्हणायची. तशी कल्पना मूळ माझीच. तळटीप मी टाकली नसती तर तिला सुचलं असतं का?

हिरवा रकाना मात्र तिने काढून टाकला.

२६ फेब्रुवारी

पुन्हा तपासणीची तारीख आली. पुढच्या महिन्यात मेडिकल बोर्ड. या वेळी योजना उलटी. भरपूर झोप, कॉफी नाही, मनात चांगले विचार. धनेश घरी येऊन गेला. त्याला म्हटलं, तू तो ईसीजी काढलाच नसतास तर? तो म्हणाला, तर मी तुझ्या वाडीत फुलं घेऊन आलो असतो. माझ्याकडे न बघता म्हणाला. मग चिकू मागितले आणि तिथेच दोन खाल्ले, सालीसकट.

रात्री पहिल्यांदा भीती वाटली. मरणाची नाही. लँडिंगच्या आधी मुंबई दिसते, आधी खाडी, मग एकदम सगळे दिवे. ते पुन्हा समोरच्या काचेतून दिसणार नाही, याची. हे कोणाला सांगणार? मयुरा जागीच होती. मी झोपल्याचं सोंग केलं. तिने पण.

१० मार्च

बोर्ड झालं. तीन डॉक्टर, चांगली माणसं. त्यातल्या एकाचं मूळ गाव बोर्डी निघालं. घोलवडच्या चिकूंबद्दल बोललो. मला वाटलं, जमलं. मग त्याने चष्मा काढला.

कायमचं अनफिट.

अपील करता येतं. करणार. आखातात नियम वेगळे असतील. नितीनला विचारतो. सिम्युलेटरवर शिकवता येईल. त्यालाही मेडिकल लागतं का, बघायला हवं.

मयुरा म्हणाली, छाती लिहिलीस म्हणून वाचलास. मी म्हटलं, छाती लिहिली म्हणून संपलो. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून पुढे भांडलो नाही.

१४ मार्च

सेटलमेंट झाली! समोरच्या एअरलाइनच्या बरोबरीने पगार. उड्डाणाच्या तासांची हमी. को-पायलटना तर मागितल्यापेक्षा जास्त. ग्रुपवर फटाके, हार, नाचणारी चित्रं. मी लिहिलं, सत्याचा विजय. पुढे लिहिणार होतो की हा लढा घोलवडच्या ओटीवर सुरू झाला, तेवढ्यात दिसलं, ग्रुपचं नाव बदललंय. आता तो फक्त उडणाऱ्यांचा. मला काढलंय. नितीनचा वेगळा मेसेज होता, मनाला लावून घेऊ नकोस, नवीन वेतनाच्या बाबी आहेत, कंपनीने अट घातली. सोबत जोडलेले हात.

बरोबरच आहे. मी असतो तर मीही तेच केलं असतं. पहिल्यांदाच खरं लिहितोय, कारण इथे कोणी वाचत नाही.

नव्या पगाराचा तक्ता बघितला. माझ्या रँकच्या ओळीवर बोट ठेवून बसलो. बरोबरी झाली. मागितली होती तेवढीच, तशीच्या तशी.

मग मागच्या पडवीत जाऊन रडलो. चिकूच्या खोक्यांच्या मागे. तिथे बुधीबाई दुपारची भाकरी खात बसली होती, हे आधी दिसलं नाही. ती उठली नाही, काही विचारलं नाही, पाठ वळवून खात राहिली. मला रडायला जेवढा वेळ लागला तेवढी तिची भाकरी पुरली. आपुलकी आहे म्हणून तिला सांगितलं होतं मी. ती आपुलकी माझ्याकडून नव्हती तेव्हा.

२९ मार्च, दुपार

रुचिकाचा फोन आला होता काल. तिचं कॅप्टनचं ट्रेनिंग सुरू झालं. रडवेली होती. म्हणाली, सर, तुमच्या सीटवर बसते आहे, बरं वाटत नाही. म्हटलं, सीट कंपनीची असते, खालीवर करायचं बटण डावीकडे आहे, जरा अडतं. मग ती म्हणाली, उद्या दुपारी दिल्लीहून येतेय. घोलवडवरून जाताना आजींना हात करेन. आपण करायचो तसा.

तिला आठवतं. आम्ही दोघं वाडीवरून जाताना मी म्हणायचो, खाली माझी आई टॉवेल हलवते आहे. आणि ती काचेतून हात करायची. मी कधी केला नाही. त्या उंचीवरून घोलवड म्हणजे हिरवा ठिपका, त्यात आई कुठली दिसणार? शिवाय कॅप्टनने असं करणं बरं दिसत नाही.

आज जेवणानंतर आवाज आला. आई तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून, टॉवेल घेऊन अंगणात. मी मागे गेलो. म्हटलं, आई, तुला सांगायचं राहिलं. मी आता त्यात नसतो. कधीच नसणार.

ती म्हणाली, माहीत आहे रे. तुझी व्हिटॅमिनं रोज मीच मोजून ठेवते ना. मग म्हटलं, तरी कोणाला हात करतेस? ती म्हणाली, मला काय कळत होतं तू कुठल्या विमानात आहेस ते? एकाला केला आणि तू दुसऱ्यात असलास तर? म्हणून सगळ्यांना सारखाच करत आले. आता थांबवून कसं चालेल, बाकीच्यांनी काय केलंय?

विमान वाडीवर आलं. पंखावर ऊन होतं. मी खुंटीवरचा दुसरा टॉवेल काढला आणि हलवला. उजव्या हाताने. दिसणार नाही हे माहीत असून. दम लागला, तरी ते आवाजासकट मुंबईकडे नाहीसं होईपर्यंत हलवला.

आईने विचारलं, कोण होतं त्यात? म्हटलं, माझी रुचिका होती. पगार खूप वाढलाय तिचा. आई म्हणाली, बरं झालं. एकदा जेवायला बोलाव पोरीला.

टॉवेल पुन्हा खुंटीला लावला. आई तांदूळ निवडायला बसली. मीही बसलो. खडे फारसे नव्हते.

संकल्प: काही नाही.